आजी डायलिसिसला का येत नाहीत?

प्रश्न: मी मूळची साताऱ्याची, दीड वर्षापासून ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जला डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे. बहुतेक पेशंट अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथले मूळ रहिवासी. एक आजी मधेच गायब होतात, आणि आठवड्याने दम लागला की थेट इमर्जन्सीत. समजावलं की मान हलवून ‘यस, यस’ म्हणतात, पुन्हा तेच. फाइलवर कुणीतरी ‘नॉन-कम्प्लायंट’, म्हणजे सांगितलेले उपचार न पाळणारी, असं लिहून ठेवलंय. मास्टर्सचा रिसर्चही मला याच पेशंटवर करायचाय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: अगं, त्या फाइलवरच्या शब्दापासूनच कर. तो शब्द एकदा चिकटला की पुढचा कुणीही आजींना काही विचारत नाही. तू विचारलंस का, त्या जातात कुठे?

बघ, डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-पाच तास, आणि ट्रान्सप्लांट झालं नाही तर जन्मभर. किन्टोरसारख्या गावातून अ‍ॅलिसला यायचं म्हणजे 500 किलोमीटरच्या वर, बराचसा कच्चा रस्ता. म्हणजे उपचारासाठी गावच सोडायचं, नातवंडं, आपली जमीन, सगळंच. त्यात घरी कुणी गेलं तर ‘सॉरी बिझनेस’ला, म्हणजे मयताच्या विधींना जावंच लागतं. आपल्याकडे सख्ख्या भावाच्या दहाव्याला कुणी मशीनचं कारण सांगून थांबेल का? (आणि हो, गेलेल्या माणसाचं नाव त्यांच्यासमोर घेऊ नकोस, फोटो दाखवू नकोस.)

तुझ्या अ‍ॅलिसमध्येच पर्पल हाउस ही डायलिसिस चालवणारी संस्था आहे, अजून गेली नसशील तर आधी तिथे जा. 2000 साली किन्टोर आणि किविरकुरा या गावांतल्या पिंतुपी जमातीच्या चित्रकारांनी मोठमोठी चित्रं काढली, सिडनीत त्यांचा लिलाव झाला आणि 10 लाख डॉलरच्या वर पैसे जमले, कशासाठी तर गावातच डायलिसिस मिळावं म्हणून! 2004 मध्ये किन्टोरला मशीन सुरू झालं. आज डझनाहून जास्त गावांत त्यांची युनिट आहेत, शिवाय मशीन बसवलेला ट्रकही फिरतो. संस्थेच्या पिंतुपी नावाचा अर्थ साधारण ‘आपल्या सगळ्या घरच्यांना बरं करणं’. अ‍ॅलिसमधल्या पर्पल हाउसच्या मागे अंगणात शेकोटीवर कांगारूची शेपटी भाजतात, झाडपाल्याचं औषधही तिथेच बनतं. 2018 पासून दुर्गम भागातल्या डायलिसिसला मेडिकेअरचे, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचे पैसे मिळतात, पण वाट आधी लोकांनी पाडली, सरकार मागाहून आलं.

आता ते ‘यस’. तिकडे ‘यस’ बऱ्याचदा समोरच्याला बरं वाटावं म्हणून असतं, विषय संपवायला असतं, कधी इंग्रजी नीट कळलेलंच नसतं. आजींची इंग्रजी तिसरी-चौथी भाषा असू शकते. म्हणून दुभाषी बोलाव, शेजारी बस, डोळ्यात डोळे घालून प्रश्नांची सरबत्ती नको, आणि त्या गप्प बसल्या तर तूही बस की जरा.

रिसर्चचं मात्र थोडं कडक बोलते. अमेरिकेत ग्रँड कॅनियनमधल्या हवासुपाई लोकांनी 1990 पासून विद्यापीठाला रक्त दिलं, आपल्यात मधुमेह एवढा का, हे कळावं म्हणून. त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनिया, रक्ताच्या नात्यातली लग्नं, पूर्वज कुठून आले असल्या गोष्टींचा अभ्यास झाला, आणि हे त्यांना कळलं 2003 मध्ये, जमातीतली एक बाई एका पीएचडीच्या प्रेझेंटेशनला जाऊन बसली तेव्हा. त्यांनी खटला भरला, 2010 मध्ये तडजोड होऊन 7 लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत मिळालं. संमतीपत्रावर सह्या होत्या बरं का त्यांच्या!

तेव्हा विषय ठरवून मग परवानगी मागू नकोस. आधी गावच्या जाणत्यांना आणि डायलिसिसवर असलेल्यांनाच विचार की तुम्हाला काय कळून घ्यायचंय. डेटा कुणाकडे राहणार, निकाल आधी कुणाला सांगणार, हे तेव्हाच ठरव. यात सहा महिने सहज जातील, गाइडला आत्ताच सांगून ठेव. ‘त्यापेक्षा पटकन सर्व्हे कर’ म्हणाले तर विषय बदललेला बरा.

आणि आजी पुढच्या वेळी गावी निघाल्या की अडवू नकोस, त्यांच्या गावाकडे कुठे मशीनची खुर्ची रिकामी आहे का, ते फोन करून बघ.