राजकारण्यांवरील विश्वास मोजणाऱ्या मराठी मापनीचा (विधानांच्या प्रश्नावलीचा) क्रॉनबाख अल्फा, म्हणजे विधानांचा आपसातील मेळ दाखवणारा आकडा, ०.८८ आला आहे. एवढे पुरेसे आहे का, आणि नमुना किती मोठा घ्यावा?

पुरेसे नाही. तुमची विधाने एकमेकांशी जुळतात, एवढेच या आकड्यावरून कळते. ती विश्वासच मोजतात की आणखी काही, हे त्यातून कळत नाही; शिवाय त्याच धाटणीची विधाने वाढवत नेली की अल्फाही वाढत जातो. क्रॉनबाख यांचा १९५१ चा लेख विश्वसनीयतेविषयी, म्हणजे मापन किती सुसंगत आहे याविषयी आहे, तरी सप्रमाणतेचे (जे मोजायचे तेच मोजले जाते का, हे दाखवण्याचे) कामही त्याच आकड्याकडून करून घेण्याची खोड आपल्या विद्यापीठांतून जात नाही.

पीएचडीच्या काळात मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यातील गावांमध्ये अशीच मापनी घेऊन फिरत होतो. विधाने क्षमता, सद्भाव आणि सचोटी या तीन अंगांवर बेतलेली होती. मेयर, डेव्हिस आणि शूरमन यांनी १९९५ मध्ये ही विभागणी संस्थांमधील विश्वासासाठी मांडली, पण ती राजकारण्यांनाही लावता येते. मी विधाने वाचून दाखवी आणि उत्तरामागचा विचार बोलून दाखवायला सांगे. एका कापूस उत्पादक काकांनी ‘अडचणीत मदत करतात’ याला पूर्ण सहमती दिली, ‘सार्वजनिक पैसा प्रामाणिकपणे वापरतात’ याला पूर्ण असहमती दिली, आणि मी कारण विचारण्याआधीच म्हणाले, “मानूस कामाचा हाये बापा, रातच्याले बी दवाखान्यात गाडी धाडते, पन सोसायटीचा पैसा त्याच्या हाती देऊ नोको.” त्यांच्या गुणांची बेरीज बरोबर मध्यावर आली. शेजारी बसलेल्या तरुणाने सगळीकडे ‘सांगता येत नाही’ म्हटले होते; त्याचीही बेरीज तीच. एकाने नेत्याला पुरते ओळखलेले, दुसऱ्याला त्याचे काही पडलेलेच नाही, आणि मापनीच्या लेखी दोघे सारखे!

हे मी मार्गदर्शकांना सांगितले, तेव्हा त्यांनी एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या तक्त्यातील ‘विधान वगळल्यास अल्फा’ या रकान्यावर बोट ठेवले आणि सचोटीची विधाने काढून टाकायला सांगितले, कारण ती गेली की आकडा वाढत होता. राजकारण्यांवरील विश्वास मोजायचा आणि प्रामाणिकपणाचे तेवढे विचारायचे नाही, हे शास्त्र माझ्या पचनी पडले नाही. मी विधाने ठेवली. पुढे घटक विश्लेषणात (कोणती विधाने एका गटात मोडतात ते शोधणाऱ्या पद्धतीत) सचोटीचा स्वतंत्र घटक निघाला. सरांचे मत मात्र आजही तेच आहे, असे त्यांच्या नव्या विद्यार्थ्यांकडून कळते.

तेव्हा एकच बेरीज करू नका. प्रत्येक घटकाचे गुण वेगळे द्या. किती घटक ठेवायचे हे, आयगेन मूल्य (घटक उत्तरांतला किती फरक टिपतो याचा आकडा) एकापेक्षा जास्त आहे एवढ्यावर न ठरवता, हॉर्न यांच्या १९६५ च्या समांतर विश्लेषणाने, म्हणजे यादृच्छिक आकड्यांतून निघणाऱ्या घटकांशी ताडून ठरवा, आणि पुष्टीकारक विश्लेषण (ठरलेली घटकरचना पुन्हा दिसते का याची तपासणी) दुसऱ्या नमुन्यावर करा. विधाने नेमकी कोणाविषयी आहेत तेही लिहा. सरपंच डोळ्यांसमोर ठेवून उत्तर देणारा आणि आमदार डोळ्यांसमोर ठेवून देणारा यांची सरासरी निरर्थक असते. अमेरिकेतील घटता विश्वास व्यवस्थेवरचा की सत्तेतील माणसांवरचा, यावर राज्यशास्त्रज्ञ मिलर आणि सिट्रिन १९७४ मध्ये भांडले, ते याच संदिग्धतेपायी. सप्रमाणतेसाठी जिंकलेल्या आणि हरलेल्या पक्षाच्या मतदारांची तुलना करा. जिंकलेल्यांचा विश्वास अधिक दिसायला हवा.

नमुन्याबद्दल एका विधानामागे पाच ते दहा माणसे असा प्रघात सांगितला जातो. मी तो किमान समजतो. माझा अनुभव तोंडी मुलाखतींचा आणि एकाच तालुक्याचा आहे, महाविद्यालयात छापील प्रश्नावली वाटणार असाल तर काही अडचणी वेगळ्या असतील. मुलाखती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मात्र घेऊ नका, तिथे सगळ्यांचाच विश्वास वाढतो. आणि मार्गदर्शकांनी अल्फासाठी विधाने काढायला सांगितली, तर त्यांचे सैद्धान्तिक कारण लेखी मागा. मौखिक परीक्षेत ‘ही विधाने का वगळली’ या प्रश्नाला उत्तर तुम्हालाच द्यायचे आहे, सरांना नाही.