ओपन सोर्स हार्डवेअर कधी पूर्ण फुकट मिळू शकेल का?

नाही. ओपन सोर्स हार्डवेअर म्हणजे ज्याचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं आहे अशी वस्तू. डिझाइन फुकट मिळेल, वस्तू नाही मिळणार. खरं तर एवढ्यावर उत्तर संपतं, पण हाच प्रश्न मला 2014 च्या गणपतीत भर पंगतीत माझ्या आत्तेभावाने विचारला होता आणि तेव्हा तोंडात मोदक होता, त्यामुळे उत्तर राहून गेलं ते आता देतो.

झालं असं की त्याच्या सोसायटीत वरची टाकी भरून वाहायची. मी म्हटलं बोर्ड बनवून देतो, टाकी भरली की मोटर आपोआप बंद. आर्डुइनो उनो या खुल्या डिझाइनच्या छोट्या कंट्रोल बोर्डचं सर्किट नेटवर आहेच, त्यातलं लागेल तेवढंच उचललं, एटमेगा 328 (मुख्य चिप, बोर्डचा मेंदू), 16 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, 22 पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर, 7805 (5 व्होल्ट देणारा पार्ट), वर एक रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच). लेआउट कीकॅड या बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला, तेही फुकटच. इथपर्यंत खर्च शून्य, मान्य. मग ग्लॉसी पेपरवर लेझर प्रिंट काढून ती आईच्या इस्त्रीने कॉपर क्लॅडवर (तांब्याचा थर असलेल्या पाटीवर) दाबली, कागद पाण्यात चोळून काढला, अर्धा तास नको असलेलं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड हलवत बसलो आणि भोकं पाडून झाल्यावर लक्षात आलं की प्रिंट उलटी आलीये, आयसीची एक नंबर पिन भलत्याच बाजूला. गेला बोर्ड. दुसऱ्याचे बारीक ट्रॅक कागदाबरोबरच निघून आले. तिसरा जमला. तोवर 0.8 मिलिमीटरचे दोन ड्रिल बिट मोडलेले, शर्टावर फेरिकचे डाग (ते जात नाहीत, आईला विचारा) आणि पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या) तीन चकरा. स्वतःची मजुरी न धरता 1400 सांगितले, तर साहेब सगळ्यांसमोर म्हणतात, "ओपन सोर्स आहे ना? मग पैसे कसले?"

हा माणूस आयटीत आहे. लिनक्सची कॉपी मारायला काही लागत नाही म्हणून त्याला वाटतं जगात सगळंच तसं. अरे बाबा, माझ्या तिसऱ्या बोर्डला पहिल्याइतकंच तांबं लागलं! ओपनचा अर्थ एवढाच की ड्रॉइंग बघा, बदला, बनवा, विका. हो, विकासुद्धा. आर्डुइनोवाल्यांनी 2005 मध्ये इटलीत सुरुवात केली तेव्हापासून डिझाइन खुलं ठेवलंय, फक्त नाव त्यांचं. म्हणून तर यूएसबीची चिप बदलून सीएच 340 टाकलेले स्वस्त क्लोन गल्लीत मिळतात. स्वस्त, फुकट नाही.

रेपरॅपचं उदाहरण कोणीतरी देईलच म्हणून आधीच सांगतो. बाथ युनिव्हर्सिटीच्या एड्रियन बोयरनी रेपरॅप हा स्वतःचेच पार्ट छापणारा थ्रीडी प्रिंटर काढला, भारी कल्पना, पण तो छापतो प्लास्टिकचे पार्ट, मोटरी आणि नटबोल्ट दुकानातूनच आणावे लागतात. चिपचंही तेच. 2020 मध्ये ओपन डिझाइनवाल्यांना स्कायवॉटर या अमेरिकन चिप कंपनीच्या 130 नॅनोमीटर प्रोसेसवर चिप फुकट बनवून द्यायची योजना आली, पण बिल गूगल भरत होतं.

आता थोडं मऊ बोलतो. जुन्या प्रिंटरमधून स्टेपर मोटर काढून आणि कॉलेजची लॅब वापरून जवळपास शून्यात काम होतं, मीही केलंय. आणि डिझाइन खुलं असण्याचा खरा फायदा दुरुस्तीत कळतो. गेल्या वर्षी त्याच बोर्डचा रिले चिकटला, भावाचा फोन आला, मी जाऊन दहा मिनिटांत बदलला कारण कुठला पार्ट काय करतो ते सगळं समोर होतं. रिले 35 रुपयांचा. त्याने बरोबर 35 दिले, गूगल पे वर. 1400 अजून यायचेत.

तुमचा प्रश्न कॉलेज प्रोजेक्टसाठी असेल तर सरळ क्लोन घ्या, इस्त्रीच्या नादी लागू नका. आणि कोणाकडून बनवून घेणार असाल तर पैसे आधीच ठरवा, नातेवाईक असेल तर लेखी.