तो आपला कोण लागत होता?

"एका नटासाठी मुलगा चार दिवस धड जेवला नाही. याला काय म्हणायचं, ताई?" इंदूरमधल्या एका मराठी घरातून आलेला हा फोन जून २०२० मधला. १४ जूनला हिंदी सिनेमातला नट सुशांतसिंह राजपूत याचा मुंबईत आत्महत्येने मृत्यू झाला, वय अवघं ३४. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये टीव्हीवरचा नट सिद्धार्थ शुक्ला वारला, तेव्हाही हीच काळजी घेऊन आईवडील माझ्याकडे आले. म्हणून मुलाच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून ही हकीकत सांगते.

मुलगा १९ वर्षांचा. बारावीनंतर एक वर्ष थांबून जेईईची तयारी करणारा. टाळेबंदीत इंदूरच्या भंवरकुआं भागातले क्लासेस बंद पडलेले, एप्रिलची परीक्षा जुलैवर गेलेली. वडील वैतागलेले. "कोण लागतो तो तुझा? त्याला तुझं नाव तरी ठाऊक होतं का?" आजीचं म्हणणं, मोबाईल काढून घ्या, आपोआप ताळ्यावर येईल.

नाव ठाऊक नव्हतं हे खरं, पण जीव जडायला दोन्हीकडून ओळख लागतेच असं नाही. रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं असं एकतर्फी नातं जुळतं, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच मांडलं होतं. ज्याला बघत मूल मोठं झालं, तो गेल्यावर आलेलं रडू खरंच असतं. चार दिवस जेवणावरची वासना उडाली, झोप लागली नाही, तर त्यात लगेच आजार शोधू नये. पण रडू नेमकं कशाचं आहे, हे मात्र विचारावं.

मी फोनवर तेच विचारलं. बराच वेळ गप्प राहून तो बोलू लागला. सुशांतने दिल्लीतलं इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं, नाचाकडे आणि नाटकाकडे वळला. त्याच्याकडे मोठी दुर्बीण होती. स्वतःच्या पन्नास स्वप्नांची यादी त्याने हाताने लिहून लोकांसमोर ठेवली होती. या मुलानेही तशी यादी करून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवली होती. ती कशाची, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाला, "मॅडम, एवढा हुशार, एवढा पुढे गेलेला माणूस. त्यालाच जमलं नाही, तर माझं काय?"

हे वाक्य त्या दिवसांत मी इतरही मुलांच्या तोंडून ऐकलं. न जेवण्यापेक्षा मला त्याची जास्त धास्ती वाटते. अशा वेळी मी आडून विचारत नाही. "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" पालकांना वाटतं, असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरेल. तसं होत नाही. उलट इतके दिवस कोंडलेलं बोलायला वाट मिळते. तो म्हणाला, "मरायचं नाहीये. पण सकाळी उठावंसंही वाटत नाही." कधीपासून? तर फेब्रुवारीपासून. म्हणजे ती बातमी येण्याच्या चार महिने आधीपासून मुलगा आतून खचत होता, आणि घरच्यांना ते एका नटाच्या निमित्ताने दिसलं.

शिवाय सुशांतचा खून झाल्याचे 'पुरावे' दाखवणारे व्हिडिओ रात्री उशिरापर्यंत बघणं चालू होतं. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज नवा खुनी ठरत होता. लोक असे का पेटले, याचं मला नवल वाटत नाही. राग काढायला कुणीतरी सापडतं, दुःखाला तसं कुणी सापडत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये एम्सच्या वैद्यकीय मंडळाने खुनाची शक्यता नाकारली, मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. तोवर किती कोवळ्या मुलांनी किती रात्री त्यात जाळल्या असतील! अशा मृत्यूच्या बातम्या ठळकपणे छापून आल्या की आत्महत्या वाढतात, हे समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये वर्तमानपत्रांच्या अभ्यासातून दाखवलं होतं. आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये याबाबत सूचना दिल्या होत्या. तरीही त्या जूनमध्ये वाहिन्यांवर दिवसरात्र तेच चाललं होतं, याची मला आजही चीड येते.

मुलाला विचारूनच मी आईवडिलांशी बोलले आणि त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषध सुरू झालं, झोप सुधारली. मोबाईल कुणी हिसकावला नाही. रात्री दहानंतर तो बाहेरच्या खोलीत ठेवायचा, हे त्यानेच ठरवलं. वडिलांना मी एकच काम दिलं होतं. जेवणानंतर मुलाबरोबर गच्चीवर बसायचं, अभ्यासाचा विषय काढायचा नाही. पहिले काही दिवस दोघं नुसते बसून राहिले. मग एकदा वडिलांनी विचारलं, "त्या यादीत काय काय आहे रे?" त्या रात्री दोघं बारापर्यंत बोलत होते, असं आईने कळवलं.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर पंधरा दिवस उलटूनही झोप-जेवण रुळावर येत नाही का, "माझं काय" किंवा "मी नसलेलाच बरा" असं बोलणं येतं का, आवडत्या वस्तू वाटून टाकणं चाललंय का, इकडे लक्ष ठेवा. मरणाची भाषा आली, तर पंधरा दिवस थांबू नका, त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. मुलाने स्वतःच फोन करायला हवा असं नाही, काय करावं हे विचारायला आईवडीलही तिथे फोन करू शकतात.