त्या एक्सेलमध्ये टॉयलेटचा रकानाच नाही

«ताई, मी २८ वर्षांची. लग्नाला दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून नवऱ्याबरोबर म्युनिकमध्ये राहते. माहेर-सासर दोन्ही पुण्याचं. त्याला कॅम्परव्हॅनचं, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीचं, फार वेड आहे. येत्या ऑगस्टमध्ये पाच आठवड्यांची सुट्टी काढून व्हॅन भाड्याने घ्यायची आणि ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया करत थेट पोर्तुगाल गाठायचं, येताना पॅरिस आणि ॲमस्टरडॅम, असा दहा देशांचा बेत त्याने एक्सेलमध्ये मांडलाय. साडेसात हजार किलोमीटर! पोर्तुगालमधल्या नाझारेच्या अजस्र लाटा बघायचं त्याचं कॉलेजपासूनचं स्वप्न आहे. त्या फायलीत एक रकाना 'जबाबदारी'चा आहे. ड्रायव्हिंग, बुकिंग, बजेट यांच्यापुढे त्याचं नाव, स्वयंपाक आणि आवराआवर यांच्यापुढे माझं. पैसे वाचवायला बहुतेक रात्री रस्त्याकडेच्या फुकट पार्किंगमध्ये काढायच्या.

मी आजवर हो हो म्हणत आले. पुढच्या आठवड्यात आगाऊ रक्कम भरायची आहे आणि माझ्या पोटात गोळा येतोय. सहा मीटरच्या गाडीत पाच आठवडे, टॉयलेट पलंगापासून दोन हातांवर. पाळी आली तर? भांडण झालं की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. तिथे कुठे जाऊ? मला इथलं लायसन्स नाही, तर तो म्हणतो, 'तुझं पुण्याचं आहे ना, मोकळ्या रस्त्यावर चालव की.' सासूबाईंचं म्हणणं, एवढ्यात फ्लॅटचे हप्ते गेले असते. नाही म्हटलं तर त्याचं मन मोडेल. मी काय करू?»

प्रिय मैत्रिणी,

आधी तातडीचं सांगते. पुढच्या आठवड्यात पैसे भरू नका. आठ-दहा दिवस थांबल्याने व्हॅन पळून जात नाही. ऑगस्टसाठी गाड्या लवकर संपतात हे खरं आहे, पण तुम्ही ऑगस्टमध्ये जाऊच नये असं मला वाटतं. त्याचं कारण पुढे येईलच.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुला सहल नको आहे असं त्यात कुठेच नाही. तुला भीती आहे ती त्या फायलीत तुझं नाव ज्या ओळींपुढे लिहिलंय त्यांची. गाडी कुठे जाणार, किती वाजता निघणार, रात्री कुठे थांबणार हे सगळं त्याच्याकडे, आणि पोहे, भांडी, अंथरूण तुझ्याकडे. तू त्या प्रवासात पाहुणीही नाहीस आणि यजमानीणही नाहीस. तुझा नवरा वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. इतक्या मन लावून बेत आखणारा मुलगा बायकोला आनंद द्यायलाच निघालेला असतो. पण घरात जी कामं विभागून, उरकून, कधी पुढे ढकलून चालून जातात, ती व्हॅनमध्ये रोज सकाळी दोघांच्या नाकासमोर उभी राहतात.

एक काम तर त्याने लिहिलेलंच नाही. व्हॅनमधलं टॉयलेट म्हणजे खाली एक चपटी प्लास्टिकची टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात. दोघांच्या वापरात ती दोन-तीन दिवसांत भरते. मग गाडीच्या बाहेरून छोटं झाकण उघडून ती ओढून काढायची, भरलेली, जड, चाकांवर घरंगळवत ठरलेल्या जागी न्यायची, ओतायची, दोनदा पाणी घालून खळखळवायची, औषध टाकून परत बसवायची. पाच आठवड्यांत हे बारा-पंधरा वेळा होणार. 'आवराआवर' या शब्दात हे बसतं का, एवढंच त्याला विचार. हे कोण करणार ते त्याच्या फायलीत, त्याच्या हाताने लिहिलं जाऊ दे. आळीपाळीने केलंत तर उत्तम.

लाजेबद्दल तू लिहिलंस ते फार बरं केलंस. कितीतरी मुलींना हेच वाटतं आणि त्या 'मला गाडी लागते' असं काहीतरी सांगून मोकळ्या होतात. यावरचा उपाय मनाला समजावण्यात नाही, जागा बदलण्यात आहे. युरोपातल्या नीट चालवलेल्या कॅम्पिंगच्या जागांवर स्वच्छ न्हाणीघरं असतात, गरम पाणी, कडी लागणारी दारं, बऱ्याच ठिकाणी कपडे धुण्याचं मशीनसुद्धा. तिथे राहिलात तर गाडीतलं टॉयलेट फक्त मध्यरात्रीपुरतं उरतं. पाळीच्या चार-पाच दिवसांत चाकं हलवायचीच नाहीत, त्या तारखा आधीच फायलीत घाला. भांडणाचंही तसंच. कॅम्पिंगच्या जागी तुला उठून तळ्याकाठी जाऊन बसता येतं. रात्री अकरा वाजता हमरस्त्याकडेच्या अंधाऱ्या पार्किंगमध्ये तू दार उघडून कुठे जाणार? म्हणून फुकट पार्किंगच्या बेताला तू ठाम नाही म्हण. क्रोएशियात तर अधिकृत जागेबाहेर गाडीत रात्र काढायला बंदीच आहे, दंड होतो. जर्मनीत पार्किंगला परवानगी असलेल्या ठिकाणी थकवा घालवायला एक रात्र झोपलं तर चालतं, पण बाहेर खुर्च्या मांडल्या, छत ओढलं की ते कॅम्पिंग धरतात. स्वस्तातली सोय हवी असेल तर मधला मार्ग आहे: जर्मनीत श्टेलप्लात्झ, फ्रान्समध्ये एअर, इटलीत आरेआ दी सोस्ता. थोड्या पैशांत रात्रीची जागा आणि बहुतेक ठिकाणी पाणी भरायची, घाण पाणी सोडायची व्यवस्था.

आता लायसन्स. इथे मी मोठ्या बहिणीच्या अधिकाराने सांगते, पुण्याच्या लायसन्सवर तू एक किलोमीटरही चालवायची नाहीस. जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्स चालतं, त्यानंतर नाही. तुला दोन वर्षं झाली. अशी गाडी चालवणं जर्मनीत नुसत्या दंडाचं प्रकरण नाही, तो फौजदारी गुन्हा आहे. रस्ता मोकळा असला तरी फरक पडत नाही. भाड्याच्या गाडीत करारावर ज्याचं नाव आहे त्यानेच चालवायचं असतं. वाटेत काही झालं तर विमा हात वर करेल आणि सगळा खर्च तुमच्या अंगावर येईल.

पण लायसन्स तू काढच. भारतीय लायसन्स असलेल्यांना ड्रायव्हिंग स्कूलच्या ठरावीक तासांची सक्ती नाही. लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा मात्र द्याव्या लागतात, शिवाय डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. या सहलीसाठी त्याचा उपयोग कदाचित होणार नाही, कारण भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या लायसन्सला एक-दोन-तीन वर्षं झालेली मागतात. (तुझ्या नवऱ्याचं जर्मन लायसन्स नवीन असेल तर जुनी भारतातली वर्षं धरतात का, हे त्यानेही आधी लेखी विचारून घ्यावं.) तरी काढ. परक्या देशात घरातल्या एकालाच गाडी चालवता येते, तेव्हा दुसऱ्याचं आयुष्य हळूहळू शेजारच्या सीटवर सरकत जातं. तुझ्या पत्रात मला तेच दिसलं.

म्हणजे या वेळी चालवणारा एकच. मग साडेसात हजार किलोमीटरचा हिशोब मांडून बघा. ३५ दिवसांत रोजचे २१४ किलोमीटर, एकही दिवस न थांबता. ऐकायला कमी वाटतात. पण व्हॅन म्हणजे कार नव्हे. डोंगरात, किनाऱ्यालगत, गावांतून ती तासाला पन्नास-साठच्या वर क्वचितच जाते. त्यात डिझेल, पाणी, किराणा, जागा शोधणं. रोजचे पाच तास गेले. दहा देशांची नावं होतील, पण संध्याकाळी सहाला खुर्ची टाकून चहा प्यायला एकही दिवस मिळणार नाही. एक दिवस गाडी, दोन दिवस मुक्काम, यापेक्षा वेगाने जाऊ नका.

आणि नाझारे. हे त्याला प्रेमाने, पण बुकिंगच्या आधी सांग. त्या डोंगराएवढ्या लाटा उन्हाळ्यात नसतात. किनाऱ्यासमोर समुद्राच्या पोटात खोल घळ आहे आणि अटलांटिकमधल्या हिवाळी वादळांची लाट तिच्यातून वर उसळते, म्हणून तो मोसम साधारण ऑक्टोबर ते मार्च. ऑगस्टमध्ये तिथे छत्र्या आणि पोहणारी माणसं दिसतात. कॉलेजपासून जपलेल्या स्वप्नासाठी तो हजारो किलोमीटर गाडी चालवत जाईल आणि समोर शांत पाणी असेल. हे मला त्याच्यासाठीच वाईट वाटतं. त्यापेक्षा हिवाळ्यात चार दिवस विमानाने लिस्बनला जा, तिथून नाझारे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. तुझ्याकडून हा बेत पुढे आला तर त्याला कळेल की तू स्वप्न मोडायला बसलेली नाहीस.

पोर्तुगाल गळलं की व्हॅनची सहल आपोआप माणसात येते. मी तुमच्या जागी असते तर ऑस्ट्रियातून बोगद्यांच्या रस्त्याने स्लोव्हेनियात उतरले असते. ब्लेडच्या तळ्याला गर्दी असते, तिथे एक दुपार पुरे, मुक्काम पुढच्या बोहिनच्या तळ्यावर. मग सोचा नदीचं खोरं. त्या नदीचं पाणी इतकं हिरवंनिळं आहे की फोटोला रंग लावलाय असं वाटावं. तिकडे जायला वृशिच घाट आहे, पण त्याला ५० वळणं आहेत, पहिल्यांदा व्हॅन चालवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. इटलीच्या बाजूने तार्विझिओवरून प्रेदेल घाटाने जा. तिथून क्रोएशियातलं इस्त्रिया, रोविनला समुद्र. मग व्हेनिससमोरच्या किनाऱ्यावर पुंता साब्बिओनीला गाडी लावायची आणि बोटीने व्हेनिस. शेवटी डोलोमाइट्सचे डोंगर आणि ब्रेनर घाटावरून घरी. सगळं मिळून दीड हजार किलोमीटर, तीन आठवडे. उरलेल्या दोन आठवड्यांत पुण्याला जाऊन या.

आणि हे सप्टेंबरच्या मध्यानंतर करा. तोवर बव्हेरियातल्या शाळांची सुट्टी संपते, भाडी उतरतात, किनारे मोकळे होतात. ऑगस्टमध्ये इटली-क्रोएशियात उभी व्हॅन रात्रीसुद्धा तापलेली असते, झोप लागत नाही, आणि झोप न झालेल्या दोन माणसांचं भांडण कशावरूनही होतं. काही कॅम्पिंग सप्टेंबरअखेर बंद होतात, तेवढं बघून ठरवा.

बाकीचं थोडक्यात. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाच्या महामार्गांसाठी विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास, लागतं, ऑस्ट्रियातल्या ब्रेनर आणि टाउएर्न या डोंगरी महामार्गांचा टोल त्याहून वेगळा. नेहमीच्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते आणि हे वजन पाणी, सामान, माणसं धरून असतं. गॅस सिलिंडरची जोडणी देशागणिक बदलते, म्हणून निघताना भरलेलाच घ्या. तुम्हा दोघांकडे जर्मनीचा निवास परवाना असल्याने शेंगेन देशांत (एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) वेगळा व्हिसा नको, परवाना आणि पासपोर्ट जवळ असू द्या. (पुण्या-मुंबईहून येऊन असा बेत करणाऱ्यांना मात्र शेंगेन व्हिसा हवा आणि आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवानाही काढावा.)

सासूबाईंना फोनवर पटवत बसू नका. पैसे तुम्ही दोघांनी कमावलेले आहेत, त्यांच्याशी बोलायचं असेल तर मुलाने बोलावं.

माझी एक आठवण सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघं पहिल्यांदा व्हॅन घेऊन ऑस्ट्रियात गेलो. मी हौसेने घरचा मिसळणाचा डबा नेला होता. पहिल्याच चौकातल्या गोल वळणावर कप्प्याची खिटी न लावल्याने तो बाहेर आला आणि हळद, तिखट, मोहरी साऱ्या फरशीवर. फरशीला बारीक खाचा होत्या. त्या खाचांतली हळद मी रस्त्याकडेला गुडघ्यांवर बसून दात घासायच्या ब्रशने काढत होते आणि हे म्हणाले, 'खिटी तू लावायची होतीस.' मी म्हटलं, 'असं कधी ठरलं?' पुढचे सत्तर किलोमीटर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. खरंच, ते कधीच ठरलं नव्हतं. त्या रात्री आम्ही ठरवलं: चावी फिरवायच्या आधी जो चालवत नाही त्याने मोठ्याने म्हणायचं, 'कपाट, खिडकी, गॅस, पायरी', आणि चालवणाऱ्याने तोवर गाडी सुरू करायची नाही. तुम्हीही हे करा. म्हणजे गाडी तुझ्या शब्दाशिवाय हलणार नाही.

त्याच्याशी बोलायला रात्रीची वेळ घेऊ नकोस. शनिवारी सकाळी, चहा झाल्यावर, ती फाइल उघडूनच बस. 'मला यायचंय, पण अशी नाही' इतक्याच वाक्याने सुरुवात कर आणि टॉयलेटची ओळ पहिली घाल. मग एप्रिल-मेमध्ये फक्त दोन रात्रींसाठी व्हॅन घ्या आणि तासाभरावरच्या कीमझे तळ्याकाठी राहून या. शक्यतो पाऊस असलेला आठवडा निवडा, म्हणजे दार बंद करून आत बसणं कसं वाटतं तेही कळेल. पूर्ण रक्कम त्यानंतरच भरायची, हे शनिवारीच कबूल करून घे. परत आल्यावर तुला अजूनही नको वाटलं, तर ते तेव्हा स्पष्ट सांग. दोन रात्री राहून आलेल्या माणसाचं 'नको' त्याला ऐकावंच लागेल.

मसाले फिरकीच्या झाकणाच्या छोट्या बरण्यांत ने. आणि कीमझेहून आलीस की मला लिही, कॅसेट पहिल्यांदा कोणी रिकामी केली तेही.

तुझी,
ताई