घरात स्मार्ट बल्ब लावलेत पण आई भिंतीवरचं बटणच दाबते, काय करू?

आईची सवय मोडायला जाऊ नका, बल्ब काढा. भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्बला करंटच जात नाही, मग मोबाईलवर तो 'ऑफलाइन' दिसणारच, यात आईची काहीच चूक नाही. आमच्या परळच्या घरी अगदी हेच झालेलं, आई रात्री पाणी प्यायला उठायची, हात सवयीने बटणाकडे जायचा आणि बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवलेली! अंधारात ती बिचारी नखाने पट्टी खरवडत उभी होती ते बघून मला फार वाईट वाटलं, दुसऱ्याच दिवशी काढली.

बल्बऐवजी बोर्डाच्या आत बसणारं छोटं स्मार्ट रिले मॉड्यूल घ्या आणि साधा बल्ब लावा, म्हणजे बटणही चालतं, मोबाईलही चालतो आणि नेट गेलं तरी बटण चालूच राहतं. फक्त इलेक्ट्रिशियनला आधी बोर्डात न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, आहे का बघायला सांगा, जुन्या बिल्डिंगमधे बरेचदा नसते आणि बहुतेक मॉड्यूलला ती लागते. गीझरला लावणार असाल तर १६ अँपियरचंच घ्या. आणि हो, यातली बरीचशी मॉड्यूल २.४ गिगाहर्ट्झ वायफायवरच चालतात, ५ वर दिसत नाहीत.

संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर १९९१ सालीच लिहून गेलाय की सगळ्यात खोल रुजलेलं तंत्रज्ञान नजरेआड होतं. आईचं बटण तसंच आहे, ते तिच्या हाताला पाठ आहे.