'मृत्युंजय' अर्ध्यात सोडली, चुकलं का?

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करतो. गेल्या दिवाळीपासून सात कादंबऱ्या वाचल्या. 'शोध' तीन दिवसांत संपवली, जेवतानाही पुस्तक हातातच होतं. 'मृत्युंजय' मात्र दोनशे पानांवर सोडली. आमचे जॉबर म्हणतात, 'मृत्युंजय' सोडणारा कसला वाचक? मला हलकंच वाचायला जमतं का? तुम्ही अलीकडे काय वाचलंत? आवडलं-नावडलं स्पष्ट लिहा.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दादा, रात्रपाळी करून वर्षात सात कादंबऱ्या वाचणाऱ्या माणसाला वाचक म्हणायचं नाही, तर कुणाला म्हणायचं? मी एकतीस वर्षं तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. 'मृत्युंजय' अर्ध्यावर परत आणून देणारे पुष्कळ पाहिलेत. बहुतेकजण खाली मान घालून पुस्तक टेबलावर ठेवायचे. तुम्ही निदान विचारलंत, हे मला फार आवडलं.

मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा एकोणीस वर्षांची होते. कर्णाच्या रथाचं चाक रुतलं तिथे इतकी रडले, की आईनं पुस्तक काढून घेतलं. या हिवाळ्यात पुन्हा हातात घेतली. शिवाजी सावंतांनी १९६७ साली एक मोठी गोष्ट केली. कर्णाची कहाणी एकाच्याच तोंडून न सांगता कर्ण, कुंती, कर्णाची बायको वृषाली, दुर्योधन, कर्णाचा धाकटा भाऊ शोण आणि शेवटी श्रीकृष्ण अशा सहा जणांकडून सांगितली. पण या खेपेला मला सारखं खटकत राहिलं, की सहाही जण एकाच तोंडानं बोलतात. राजाची आई आणि सारथ्याचा मुलगा दोघांच्याही वाक्यात तोच डौल, त्याच उपमा. एका पानावर सूर्य तीनदा उगवला, की मी दमते. तुम्ही दोनशे पानांवर थांबलात ते यामुळेच असणार. मागाचा आवाज बदलला की मान न वळवता तुम्हाला कळतं, तसंच हेही कळतं. त्यासाठी कुणाचं प्रमाणपत्र लागत नाही. माझी एकच विनंती आहे. शोणाचा भाग तेवढा वाचा. थोरल्या भावाच्या मागे मागे धावणारा धाकटा तिथे खरा उतरलाय, आणि तो भाग मला आजही तितकाच आवडतो.

पुस्तक सोडण्याचं म्हणाल, तर मी नंदा खरेंची 'उद्या' दोनदा सोडली. पेशानं स्थापत्य अभियंता असलेला हा लेखक. साहित्य अकादमीनं या कादंबरीला पुरस्कार दिला, तो त्यांनी घेतला नाही. माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पाळत असलेला, फार लांबचा नसलेला काळ त्यांनी रंगवलाय. पहिल्या वेळी इतकी माणसं आणि इतकी माहिती अंगावर आली, की मी पुस्तक मिटून ठेवलं. तिसऱ्या वेळी हातात मोबाईल होता आणि नुकतंच कुठल्या तरी ॲपला 'परवानगी द्या' म्हणून बोट लावलं होतं. तेव्हा ती कादंबरी मला लागली. पुस्तक तेच होतं, माझी वेळ आली नव्हती.

आता 'शोध'. मुरलीधर खैरनारांची ही कादंबरी २०१५ साली आली. शिवरायांनी १६७० साली दुसऱ्यांदा सुरत लुटली, परत येताना वणी-दिंडोरीला मोगलांशी लढाई झाली. त्या खजिन्याचा काही भाग वाटेत लपवला गेला असेल तर, या एका धाग्यावर सगळा पाठलाग. यात हलकं काय आहे? नाशिककडचे डोंगर, घाटवाटा, किल्ले लेखकाच्या पायाखालचे आहेत हे ओळीओळीत जाणवतं. मला न आवडलेलंही सांगते. मागे लागलेली माणसं दारात आली असताना पात्रं इतिहास समजावून सांगत बसतात. तिथे मी पानं उलटली. तरी रात्री दोनपर्यंत दिवा मालवला नाही.

पण या वर्षात मला हलवून सोडलं ते कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'नं. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला म्हणून मागवली, आठ दिवस तशीच पडून होती. धरणात गाव गेलेलं. नव्या ठिकाणी उठून आलेला देवाप्पा मागं राहिलेली म्हैस आणायला जुन्या गावाकडे परत जातो. म्हैस आता रानाची झालेली आहे, माणसाला जवळ येऊ देत नाही. गोष्ट एवढीच.

दादा, आमच्या घरी दोन म्हशी होत्या. आईचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर धार काढायचं काम माझ्याकडे आलं. थोरली म्हैस मला जन्मल्यापासून ओळखत होती, पण मी खाली बसले की पान्हा चोरायची. आंबोण पुढे ठेवलं, पाठ खाजवली, काही उपयोग नाही. शेवटी आईनं अंथरुणातूनच सांगितलं, माझं जुनं लुगडं गुंडाळून बस. ते लुगडं नेसून बसले. म्हशीनं मान वळवून हुंगलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि धार लागली. 'रिंगाण' वाचताना ते लुगडं, तो वास, सगळं परत आलं. जनावर माणसाचा वास धरून राहतं. तो वास सुटला की त्या म्हशीच्या लेखी तुम्ही आणि लांडगा सारखेच. खोतांना हे ठाऊक आहे. धरणग्रस्तांवर मी पुष्कळ वाचलंय. मोर्चे, कचेरीतले हेलपाटे, मोबदल्याचे कागद. इथे ते सगळं एका म्हशीच्या डोळ्यात दिसतं. भाषा कोल्हापूरकडची, तुमच्या कानाला परकी वाटणार नाही. वाक्यं मात्र गोल गोल फिरतात, तेच तेच पुन्हा येतं. पहिल्या तीस-चाळीस पानांत मलाही अडखळायला झालं. घाई करू नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी, चांगली झोप झाल्यावर घ्या.

मी कादंबरीत एवढंच बघते. लेखक ज्या माणसाबद्दल लिहितो, त्याचं काम त्याला माहीत आहे का? मग ती खजिन्याची असो, पुराणातली असो, नाहीतर म्हशीची.

प्रश्न : मी दहावीत आहे. मला नारायण धारपांच्या भयकादंबऱ्या खूप आवडतात. आई म्हणते, असलं वाचून डोकं बिघडतं. तुम्ही आईला काहीतरी सांगा ना.
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : आईला माझा नमस्कार सांग, आणि म्हणावं धारप मीही वाचलेत, शिवाय वाचनालयात माझ्या हातून कित्येक मुलामुलींना दिलेत. एकाचंही डोकं बिघडलेलं पाहिलं नाही, उलट त्यातलीच पुढे जाडजूड पुस्तकं मागायला आली. धारपांचं भय घरातनं येतं. जिन्याखालची अंधारी खोली, बंद वाडा, शेजारी नव्यानं राहायला आलेलं माणूस. 'लुचाई'चं बीज परदेशी आहे, स्टीफन किंगच्या कादंबरीतलं, पण त्यांनी ते आपल्याकडच्या गावात रुजवलं. मला त्यांचे शेवट आवडत नाहीत. समर्थ, म्हणजे त्यांचं ते वाईट शक्तींशी लढणारं पात्र, आले की सगळं निस्तरणार हे आधीच कळतं. तू वाच, फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री नको. आणि एखादी आईला मोठ्यानं वाचून दाखव.

प्रश्न : माझे वडील आजारी आहेत, मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून असतो. पूर्वी ऐतिहासिक कादंबऱ्या खूप वाचल्या, आता मोठं पुस्तक झेपत नाही. लहान, पण मनात राहील अशी एखादी कादंबरी सुचवा.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : वडिलांना लवकर आराम पडो. तुम्ही ऐतिहासिकची आवड लिहिलीत म्हणून आधी सांगते, 'स्वामी' सध्या हातात घेऊ नका. सत्ताविसाव्या वर्षी क्षयानं गेलेल्या माधवरावांचं थेऊरमधलं ते आजारपण रणजित देसाईंनी फार जवळून लिहिलंय. उशाशी बसलेल्या माणसानं ते आत्ता वाचू नये.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या. १९३९ सालची, अगदी छोटी. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी भेटतात. ही कादंबरीही दुःखाचीच आहे, हे लपवत नाही. पण ती बोटीवर घडते, भोवती समुद्र आहे. दवाखान्याच्या भिंतींत तो बरा वाटेल. चक्रधर मला आवडत नाही. त्याला स्वतःला सोडून कुणावर पुरतं प्रेम करता येत नाही. हॅर्टा मात्र मनातून जात नाही. इतक्या कमी पानांत इतकी जिवंत बाई मराठीत मला दुसरी भेटलेली नाही.

आमच्या वाचनालयातल्या प्रतीला शेवटी तारखांची चिठ्ठी चिकटवलेली होती. 'स्वामी'ची चिठ्ठी भरून भरून तीनदा बदलावी लागली. 'रणांगण'ची अर्धीही भरली नव्हती. एसटीत वाहक असलेले एक सभासद ती एका संध्याकाळी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कुलूप काढत होते तेव्हाच दारात उभे. मला वाटलं परत द्यायला आलेत. ते म्हणाले, "वाचून झाली बाई. परत द्यायची नाही. पुढच्या आठवड्यासाठी पुन्हा माझ्याच नावावर लिहा." मी नवी तारीख मारून दिली.