डिस्को हाउसचा सेट ऐकला की मूड एवढा छान का होतो?

तुम्ही विचारलंय की तासभराचा डिस्को हाउस सेट ऐकला की दिवसभराचा शीण कसा काय उतरतो. मी नागपुरात लग्नांना साउंड देतो, त्यामुळे आधीच सांगतो: आमच्याकडे ‘डीजे’ म्हटलं की लोक कानात बोटं घालतात. गाडीवर रचलेले बॉक्स अन् खिडक्यांची थरथर. हा तो डीजे नाही ना बाप्पा!

डिस्को हाउस म्हणजे जुन्या डिस्को गाण्यांच्या तुकड्यांवर बांधलेलं नाचाचं संगीत, आणि सेट म्हणजे डीजेनं न थांबता एकाला एक जोडून वाजवलेली गाणी. ठेका अगदी सरळ. मिनिटाला साधारण १२० ते १२५ ठोके, चारही मात्रांवर किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ‘धम्’, आणि दोन किकच्या मधे हाय-हॅटचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजेचा, ‘त्स’. किक पाय खाली ओढते, ‘त्स’ वर उचलतो. त्यावर जुन्या डिस्कोतला गिटारचा नाहीतर व्हायोलिनचा दोन-चार सेकंदांचा तुकडा फिरत राहतो. एरवी गाण्यातली आवडती जागा येते आणि निघून जाते. इथे ती जागाच घर करून बसते.

पण खरी गंमत फिल्टरची, म्हणजे आवाजातला जाड किंवा बारीक भाग कापणाऱ्या बटणाची. डीजे बटण हळूहळू फिरवतो, बेस काढून घेतो, गाणं छोट्या रेडिओवर वाजत असल्यासारखं बारीक होतं. असे ३२ ठोके, म्हणजे जेमतेम १६ सेकंद. मग सगळं एकदम परत. मे महिन्यात लाइट जाते, कूलर गप्प होतो, आणि परत आल्यावर अख्खी गल्ली ‘आलीऽऽ’ ओरडते ना? तेच. (म्हणून मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बेसच नसेल तर परत काय येणार?)

या संगीताला जिद्दही आहे. १२ जुलै १९७९ला शिकागोत बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटाने उडवल्या होत्या. त्याच शहरात ‘वेअरहाउस’ क्लबमध्ये फ्रँकी नकल्स नावाचा डीजे डिस्को वाजवतच राहिला, गाणी ताणून, जोडून. ‘हाउस’ हे नाव त्या क्लबवरूनच पडलं असं मानतात.

सगळेच सेट भारी असतात असं नाही. काही दुसऱ्या तासाला पिठाच्या गिरणीसारखे वाटतात.

मागच्या डिसेंबरात वर्धा रोडच्या एका लॉनवर संगीत होतं. रात्री दहाला आवाज बंद करायचा, साडेनऊला पोट्टे सगळे जेवणाच्या काउंटरवर. मी हळू आवाजात माझ्या आवडीचा सेट लावला. समोर नवरदेवाची आत्या, गुडघ्याला पट्टा, हातात वडाभाताची प्लेट. चेहरा गंभीर, पण चपलेची टाच बरोबर किकवर पडून राहिली होती. थोड्या वेळानं मला हाक मारली.

“भाऊ, हे कोणतं गाणं वाजून राहिलं? कुठंतरी ऐकल्यासारखं वाटते.”

“गाणं नाही काकू, गाण्याचा तुकडा आहे.”

“मंग तेवढाच राहू दे.”